नाव तेच, राऊटर नवा : भ्रमविचाराची एक घरगुती कसोटी

घरातला राऊटर बदलला की मोबाइलवर नेट सुरू होते आणि लॅपटॉप मात्र अडून बसतो, ही तक्रार इतकी सर्रास ऐकू येते की तिच्यात तत्त्वज्ञानाला काही काम असेल असे सहसा कोणाला वाटत नाही. तरीही ‘चुकीचे ज्ञान म्हणजे नेमके काय, आणि त्यातला दोष कोठे असतो’ हा भारतीय प्रमाणशास्त्रातला, म्हणजे ज्ञानाची साधने व त्यांची विश्वसनीयता तपासणाऱ्या शास्त्रातला, अत्यंत चुरशीचा प्रश्न या क्षुल्लक दिसणाऱ्या बिघाडात जवळजवळ जसाच्या तसा उभा राहतो. चकाकणारा शिंपला पाहून ‘ही चांदी आहे’ असे वाटणे, हे या शास्त्राचे ठरलेले उदाहरण होय. त्यावर मीमांसक, नैयायिक, बौद्ध आणि वेदान्ती यांनी शतकानुशतके वाद घातला आणि भ्रमाची उपपत्ती सांगणाऱ्या या मतमतांतरांना मिळून ‘ख्यातिवाद’ हे नाव पडले. शिंपल्याच्या उदाहरणात एक अडचण कायमची राहून गेली आहे. चांदी समजून खाली वाकणाऱ्या माणसाच्या मनात त्या क्षणी काय चालले होते हे बाहेरून पाहता येत नाही, त्यामुळे प्रत्येक पक्षाला त्याच्या मनाचे चित्र आपापल्या सोयीने रंगवता आले. लॅपटॉपच्या स्मृतीत काय साठवले आहे हे मात्र उघडून पाहता येते, आणि एवढ्या एका कारणासाठीही हे नवे उदाहरण जुन्या वादात साक्षीला बोलावण्याजोगे आहे.

वायफाय म्हणजे तारेवाचून, रेडिओलहरींवर चालणारी जोडणी. तिचे नियम ‘८०२.११’ या क्रमांकाच्या मानकात १९९७ साली प्रथम प्रसिद्ध झाले. या नियमांप्रमाणे राऊटर आपल्या नेटवर्कचे नाव अखंड पुकारत असतो, साधारणपणे सेकंदाला दहा वेळा. हे नाव जास्तीत जास्त ३२ बाइटांचे असते, आणि त्यातले इंग्रजी अक्षर मोठे की छोटे एवढ्यानेही ते नाव वेगळे ठरते. लॅपटॉप एखाद्या नेटवर्कला एकदा जोडला गेला की ते नाव, सुरक्षेचा प्रकार आणि पासवर्ड या तीन गोष्टींची नोंद तो जपून ठेवतो. या नोंदीला ‘प्रोफाइल’ म्हणतात. याखेरीज राऊटरच्या प्रत्येक रेडिओला ४८ बिटांचा स्वतःचा असा क्रमांक असतो, आणि एका डब्यात दोन वारंवारितांचे रेडिओ असले तर त्या एकाच राऊटरचे दोन क्रमांक होतात. ओळख पटवताना लॅपटॉप या क्रमांकाला महत्त्व देत नाही. यामागे निष्काळजीपणा नसून योजना आहे, कारण महाविद्यालयात किंवा कचेरीत डझनावारी यंत्रे एकच नाव पुकारत असतात आणि एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर गेलेल्या माणसाची जोडणी न तुटता पुढच्या यंत्राकडे जावी, अशी अपेक्षा असते. थोडक्यात, लॅपटॉपच्या लेखी व्यक्ती महत्त्वाची नाही. नाव आणि गुपित जुळले की ओळख पटली.

ते गुपित कसे जुळवले जाते, हे थोडे जवळून पाहण्यासारखे आहे. २००४ साली आलेल्या डब्ल्यूपीए-२ या सुरक्षापद्धतीत पासवर्ड हवेतून पाठवला जातच नाही. पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव ही दोन्ही एकत्र घेऊन त्यांच्यावर ४,०९६ वेळा एक गणिती प्रक्रिया केली जाते, तिच्यातून २५६ बिटांची किल्ली दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे तयार होते, आणि मग चार संदेशांच्या देवाणघेवाणीत दोघांकडची किल्ली एकच आहे एवढे पडताळले जाते. नाव हे येथे दारावरच्या पाटीपुरते उरत नाही, ते किल्लीच्या घडणीतच शिरलेले असते. म्हणून ज्या घरात नव्या राऊटरला जुनेच नाव आणि जुनाच पासवर्ड अक्षरशः तसाच दिला जातो, तेथे लॅपटॉपला काही घडले आहे याचा पत्ताही लागत नाही. तो निमूटपणे जोडला जातो.

भारतीय दर्शनांत या प्रकारच्या ओळखीला ‘प्रत्यभिज्ञा’ म्हणतात, म्हणजे पूर्वी अनुभवलेली वस्तू पुन्हा समोर आल्यावर ‘तो हाच’ असे होणारे ज्ञान. पूर्वी पाहिलेला देवदत्त पुन्हा भेटतो आणि ‘हाच तो देवदत्त’ असे कळते, हे त्याचे रूढ उदाहरण. नैयायिक, म्हणजे गौतमाच्या न्यायदर्शनाचे अनुयायी, हे ज्ञान प्रत्यक्षातच जमा करतात आणि त्याच्या बळावर वस्तू काळातून टिकून राहतात असे सिद्ध करू पाहतात. सर्व काही क्षणिक मानणारे बौद्ध त्यावर दिव्याच्या ज्योतीकडे आणि कापून पुन्हा वाढलेल्या केसांकडे बोट दाखवतात: तेथेही ‘तेच’ असे वाटते, परंतु प्रत्यक्षात सारखेपणाने एकत्वाचा आभास उभा केलेला असतो. जुन्याच नावाने चालणाऱ्या नव्या राऊटरच्या बाबतीत बौद्धांची बाजू बिनतोड दिसते, कारण डबा बदलला, त्यातले रेडिओ बदलले, क्रमांक बदलले आणि तरीही ‘तेच नेटवर्क’ ही प्रतीती कायम राहिली. पण नैयायिकांचे म्हणणे इतक्यात निकालात काढता येत नाही. ते विचारतील की नेटवर्क म्हणजे डबा असे कोणी ठरवले? घरातल्या माणसांच्या व्यवहारात नेटवर्क म्हणजे त्या घराची ती जोडणी, आणि डबा हा तिचा केवळ एक अवयव. अवयव बदलूनही अवयवी टिकतो की नाही हा स्वतंत्र वाद आहे. सार्वजनिक ठिकाणच्या बिनपासवर्डाच्या नेटवर्कात मात्र बौद्धांचा इशारा व्यवहारातही खरा ठरतो. तेथे ओळखीला नावाखेरीज दुसरा आधार नसतो, आणि तेच नाव लावून बसलेल्या भामट्याच्या यंत्राला लॅपटॉप तितक्याच विश्वासाने जोडला जातो.

खरी गोम दुसऱ्या प्रकारात आहे. नव्या राऊटरला जुनेच नाव दिले, पण पासवर्ड बदलला किंवा सुरक्षेचा प्रकार बदलला, असे पुष्कळदा होते. २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही पद्धत नव्या राऊटरवर सुरू असते आणि लॅपटॉपच्या नोंदीत अजून जुनी पद्धत लिहिलेली असते. मोबाइलवर कोणीतरी नवा पासवर्ड घातलेला असतो म्हणून तेथे नेट चालते. लॅपटॉप मात्र यादीत ओळखीचे नाव दिसताच जुनी नोंद काढतो, तिच्यातून जुनी किल्ली तयार करतो, राऊटर ती नाकारतो, आणि पडद्यावर ‘या नेटवर्कला जोडता येत नाही’ अशा अर्थाची एक ओळ उमटते. विंडोजच्या सातव्या आवृत्तीत याच प्रसंगी जो संदेश येई तो अधिक प्रामाणिक होता: या संगणकावर साठवलेली मांडणी आणि नेटवर्कची अपेक्षा यांचा मेळ बसत नाही, अशा आशयाचा तो होता.

आता विचारायचे ते असे, की येथे खोटे ज्ञान कोणते? यादीत दिसणारे नाव खरे आहे, कारण नवा राऊटर ते नाव खरोखरच पुकारतो आहे. साठवलेली नोंदही खरी आहे, कारण जुन्या राऊटरचा पासवर्ड खरोखरच तो होता. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी निर्दोष असताना त्यांच्यातला भेद मात्र टिपला गेलेला नाही. मीमांसक प्रभाकराने शिंपल्याच्या बाबतीत नेमके हेच सांगितले होते. त्याच्या मते ‘ही चांदी’ या प्रतीतीत ‘ही’ एवढा भाग प्रत्यक्ष आहे आणि ‘चांदी’ हा भाग स्मृती आहे. पूर्वी पाहिलेली चांदी आठवते, परंतु ही आठवण आहे हे भान लोपलेले असते, आणि दोन ज्ञानांतला भेद ध्यानात न आल्यामुळे माणूस हात पुढे करतो. खोटे असे एकही ज्ञान तेथे नसते, नसते ते भेदाचे ज्ञान. या मताला ‘अख्याती’ म्हणतात. प्रभाकराचा हा सिद्धान्त वाचणाऱ्याला बहुधा अतिचलाखीचा वाटतो, कारण भ्रमात सापडलेल्या माणसाला आपल्याजवळ दोन ज्ञाने आहेत असे कधीच वाटत नाही. लॅपटॉप उघडून पाहिला की ती दोन्ही अक्षरशः वेगवेगळ्या ठिकाणी सापडतात: एक हवेतून आत्ता आलेले, दुसरे डिस्कवर साठवलेले.

नैयायिकांचे उत्तर ‘अन्यथाख्याती’ या नावाने ओळखले जाते. वस्तू आहे त्याहून वेगळ्या रूपात भासणे म्हणजे भ्रम, आणि ते एकच, विशेषणासह झालेले, खरोखरीचे खोटे ज्ञान असते, असे ते मानतात. तत्त्वचिन्तामणीकार गंगेशाने या वादात प्रभाकरपक्षाला जी अडचण दाखवली ती आजही बोचते: भेद न कळणे ही नुसती उणीव आहे, आणि उणीव कोणाला खाली वाकून शिंपला उचलायला लावत नाही, त्यासाठी ‘समोरची वस्तू चांदी आहे’ असे होकारार्थी ज्ञानच हवे. लॅपटॉप हे अचेतन यंत्र असल्यामुळे त्याला हा आक्षेप लागू होत नाही. न्यायमताप्रमाणे ज्ञान हा आत्म्याचा गुण आहे, यंत्रात ते मुळातच संभवत नाही; यंत्र करते ते ठरवून दिलेल्या नियमाने दोन नोंदींची सांगड घालणे. म्हणून यंत्रातल्या बिघाडाचे वर्णन करायला प्रभाकराचा सिद्धान्त अधिक नेमका ठरतो, असे येथे प्रतिपादन करायचे आहे. पण त्या लॅपटॉपसमोर बसलेला माणूस जेव्हा ‘लॅपटॉपचे वायफायच गेले’ असा निष्कर्ष काढतो, दुकानात नवे कार्ड विचारायला जातो किंवा सगळी विंडोज पुसून पुन्हा टाकायला घेतो, तेव्हा त्याच्या खटपटीमागे नुसती उणीव नसते. ‘हे यंत्र बिघडले आहे’ असे ठाम, होकारार्थी आणि खोटे ज्ञान त्याला झालेले असते. तेथे गंगेश खरा ठरतो. एकाच बिघाडात दोन भ्रम असून त्यांची जात निराळी आहे, ही गोष्ट शिंपल्याच्या उदाहरणात दिसणे शक्यच नव्हते, कारण तेथे स्मृती ठेवणारा आणि निष्कर्ष काढणारा एकच होता.

उपायाचा विचार केला तरी प्रभाकराचे निदान उपयोगी पडते. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू करणे हा सर्वांचा पहिला उपाय असतो आणि इतर अनेक बिघाडांत तो लागूही पडतो, पण येथे तो वांझ ठरतो, कारण बंद-चालू केल्याने तात्पुरत्या नोंदी जातात, साठवलेले प्रोफाइल जात नाही. लागतो तो ‘फॉरगेट’ हा पर्याय, म्हणजे त्या नेटवर्कची जुनी नोंद पुसून टाकणे. नोंद गेली की तेच नाव लॅपटॉपला अनोळखी होते, तो नव्याने पासवर्ड विचारतो आणि राऊटरच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर छापलेली अक्षरे घालताच जोडला जातो. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रह’ या प्रवेशग्रंथात, जो महाराष्ट्रातल्या संस्कृतच्या अभ्यासकांना आठल्ये-बोडस यांच्या १८९७ च्या आवृत्तीमुळे चांगला परिचित आहे, ज्ञानाचे अनुभव आणि स्मृती असे दोन भाग पाडले आहेत, आणि केवळ संस्काराने उत्पन्न होणारी ती स्मृती, असे तिचे लक्षण केले आहे. यथार्थ असली तरी नैयायिक स्मृतीला ‘प्रमा’, म्हणजे प्रमाणाने मिळालेले ज्ञान, या पंक्तीत बसवत नाहीत. वस्तू आज कशी आहे याची हमी स्मृती देऊ शकत नाही, हे त्यामागचे एक कारण मानता येईल. लॅपटॉपच्या जडणघडणीत मात्र ओळखीचे नाव दिसले की स्मृतीलाच आधी पुढे केले जाते.

नेटवर्क यादीत दिसतच नाही, हा प्रकार निराळा असून तो अभावाच्या ज्ञानाकडे घेऊन जातो. वस्तू नाही हे कशाने कळते? मीमांसक कुमारिल भट्टाने त्यासाठी ‘अनुपलब्धी’, म्हणजे न आढळणे, हे स्वतंत्र प्रमाण मानले. नैयायिकांनी ते प्रत्यक्षाचे साहाय्यक ठरवले. पण दोघांनीही एक अट घातली, आणि ती अट सोन्याच्या मोलाची आहे: वस्तू असती तर ती दिसलीच असती, अशी परिस्थिती असेल तरच न दिसण्यावरून नसणे सिद्ध होते. हिला योग्यतेची अट म्हणतात. जमिनीवर घडा नाही हे उजेडात कळते, अंधारात कळत नाही. नवा राऊटर केवळ ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर नाव पुकारत असेल आणि लॅपटॉपमधल्या जुन्या कार्डाला फक्त २.४ गिगाहर्ट्झ कळत असेल, तर त्या लॅपटॉपच्या यादीत नाव नसणे हा कशाचाच पुरावा नाही. तसेच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात भारतात तेरावा चॅनलही वापरता येतो, पण अमेरिकी नियमांप्रमाणे बांधलेले कार्ड बहुधा अकराव्यापर्यंतच ऐकते. अशा वेळी ‘वायफाय येतच नाही’ हे वाक्य अनुपलब्धीचे नसून अंधारातल्या निरीक्षणाचे असते.

कारणाच्या शोधात याहून मोठी फसगत होते. राऊटर बदलला आणि त्यानंतर बिघाड झाला, एवढ्यावरून राऊटर हे कारण ठरत नाही. आधी असणे हे कारणत्वाला आवश्यक असले तरी पुरेसे नाही. विश्वनाथाच्या ‘भाषापरिच्छेद’ या ग्रंथात ‘अन्यथासिद्ध’ म्हणून पाच प्रकार सांगितले आहेत, म्हणजे कार्याच्या आधी हजर असूनही ज्यांना कारण म्हणता येत नाही अशा गोष्टी, आणि त्यांतला शेवटचा आहे माती वाहून आणणारा गाढव. मडके घडण्यापूर्वी तो अंगणात होता हे खरे. पण माती दुसऱ्या कोणी आणली असती तरी मडके झालेच असते. राऊटर बदलायला आलेल्या माणसाने नवा डबा दोन भिंतींपलीकडे टांगला असेल आणि तेथून ५ गिगाहर्ट्झची लहर लॅपटॉपपर्यंत क्षीण होऊन पोहोचत असेल, तर बदललेला राऊटर हा तो गाढव होय आणि कारण आहे ती जागा. गावोगावच्या केबलवाल्यांकडून जी जोडणी घेतली जाते तिच्यात तर अनेकदा जुन्या राऊटरचा क्रमांक कंपनीच्या यंत्रात बांधलेला असतो, किंवा जोडणीचे युजरनेम आणि पासवर्ड नव्या राऊटरमध्ये घालायचे राहून गेलेले असतात. तेव्हा घरातल्या एकाही यंत्रावर नेट नसते, मोबाइल मात्र गुपचूप स्वतःच्या सिमच्या डेटावर चालत असतो, आणि आरोप लॅपटॉपवर येतो.

यावर शास्त्रकारांनी सांगितलेला मार्ग म्हणजे ‘अन्वय-व्यतिरेक’: हे असता ते असते, हे नसता ते नसते, अशा दोन्ही अंगांनी पडताळणी. मोबाइलचा डेटा बंद करून तो घरच्या वायफायवर चालतो का पाहणे, आणि तोच लॅपटॉप मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडून पाहणे, या दोन कृतींनी बहुतेक संशय फिटतो. मोबाइल वायफायवर चालला आणि लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालला, तर दोष राऊटरमध्येही नाही आणि लॅपटॉपच्या कार्डातही नाही, तो त्या दोघांच्या संबंधात आहे. असा निष्कर्ष सामान्य माणसाला पचायला जड जातो. दोष कोणत्यातरी वस्तूतच असला पाहिजे, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे, आणि दुरुस्तीची दुकाने बऱ्याच अंशी तिच्यावरच चालतात.

जोडणी होते, लहरींची खूणही पूर्ण भरलेली दिसते, आणि तरी पान उघडत नाही, असाही एक प्रकार आहे. कोणीतरी पूर्वी लॅपटॉपला १९२.१६८.१.२० असा पत्ता हाताने दिलेला असतो आणि नवा राऊटर १९२.१६८.०.१ वर बसलेला असतो. दोघे एकमेकांना ऐकतात, पण राऊटरचा पत्ता लॅपटॉपच्या हिशेबात आपल्या वस्तीबाहेरचा असतो. पत्ता आपोआप घेण्याची मांडणी असून राऊटरने तो दिलाच नाही, तर लॅपटॉप १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच स्वतःला देऊन मोकळा होतो. हा आकडा दिसला की समजावे, पत्ता मागितला गेला आणि उत्तर आले नाही.

आता प्रश्न उरतो तो प्रामाण्याचा. ‘जोडणी झाली’ हे ज्ञान खरे आहे हे कशावरून ठरवायचे? मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, त्याला बाहेरच्या दाखल्याची गरज नाही. दोष आढळला तरच ते बाजूला सारायचे. याला ‘स्वतःप्रामाण्य’ म्हणतात. नैयायिकांच्या मते ज्ञानाचा खरेपणा मागाहून, त्यावर विसंबून केलेली कृती फळाला आली की नाही यावरून कळतो. पाणी दिसले, जवळ गेले, तहान भागली, म्हणजे ते ज्ञान खरे. यावर मीमांसकांचा प्रतिप्रश्न असा, की तहान भागल्याच्या ज्ञानाला तरी दाखला कोणाचा? असे दाखले मागत गेले तर शेवट लागणार नाही, आणि हा ‘अनवस्था’ नावाचा दोष नैयायिकांना पूर्णपणे टाळता आला आहे असे म्हणवत नाही.

यंत्रे बनवणाऱ्यांनी मात्र न्यायपक्ष उचलला आहे. विंडोज केवळ वायफाय जोडले गेले यावर समाधान मानत नाही. ती मायक्रोसॉफ्टच्या एका ठरावीक पत्त्यावरून ‘मायक्रोसॉफ्ट कनेक्ट टेस्ट’ एवढाच मजकूर असलेली छोटी फाइल मागवते, आणि तो मजकूर जसाच्या तसा हाती आला तरच नेट आहे असे मानते. न आल्यास ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’ असे दाखवते. परंतु एखाद्या कचेरीच्या सुरक्षाव्यवस्थेने नेमका तोच पत्ता अडवून ठेवला असेल, तर पडद्यावर ‘इंटरनेट नाही’ असे लिहिलेले असते आणि बाकीची सर्व पाने बिनबोभाट उघडत असतात. फळावरून केलेली परीक्षा तेथे स्वतःच चुकते, आणि तिची चूक पकडायला दुसरी परीक्षा लागते. मीमांसकांचा आक्षेप एवढ्यापुरता अजून अनुत्तरित आहे.